डाव्या हाताचा खराटा

नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा ढीग मांडून बसणाऱ्या एका विक्रेत्याकडे, स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शिका आणि मलपृष्ठ हरवलेले शब्दकोश यांच्यामध्ये चेपून राहिलेले एक सुटे पान गेल्या हिवाळ्यात माझ्या हाती लागले. विलायतेतील कुठल्याशा सचित्र साप्ताहिकातून कापून काढलेले ते पान कडांना तपकिरी पडले होते, मध्यावर घडीची खूण होती आणि एका कोपऱ्यावर वाळवीने आपला हक्क केव्हाच बजावला होता. तथापि त्यावरील कोरीव चित्र मात्र, कालच छापखान्यातून निघाले असावे इतके, काळेभोर आणि स्पष्ट राहिले होते. विक्रेत्याने वीस रुपये सांगितले, मी घासाघीस न करता दिले, आणि पन्नास न सांगितल्याचा पश्चात्ताप त्याच्या चेहऱ्यावर उमटलेला पाहत घरी आलो.

चित्र एका बाजारपेठेतील सकाळचे आहे. मागे लाकडी सज्जाची दुमजली घरे, त्यांच्या पलीकडे उजव्या अंगाला देवळाचे शिखर आणि त्यावर डावीकडे फडफडणारा ध्वज; मध्यभागी चार भोयांनी खांद्यावर घेतलेली पालखी; तिच्या वाटेवर पाणी शिंपडणारा, कमरेत वाकलेला भिस्ती; बगलेत दप्तर मारून लगबगीने निघालेला जामाधारी कारकून; आणि अगदी डावीकडे, पानाच्या कडेला ढकलून दिल्यासारखी, शेजारी टोपली ठेवून आखूड खराट्याने रस्ता झाडणारी एक स्त्री. खाली इंग्रजीत एकच ओळ आहे आणि तिचा मथितार्थ इतकाच, की एतद्देशीय शहरातील रस्त्याचे हे एक दृश्य होय. शहराचे नाव नाही, माणसांची तर नाहीतच.

दोन-तीन दिवस ते पान टेबलावर नुसते पडून होते. नंतर एका दुपारी, दुसरे काही काम नसल्यामुळे, मी भिंग घेऊन बसलो आणि मग तो माझा रोजचाच उद्योग होऊन गेला. भिस्त्याच्या पाठीवरची मसक कोरणाऱ्याने ज्या निष्ठेने कोरली आहे, तिला तोड नाही. बकऱ्याचे सबंध कातडे कसे सोलून शिवले आहे, पायांची टोके दोरीने कशी आवळली आहेत, खांद्यावरून येणारा पट्टा छातीशी कसा रुतला आहे आणि मसकेच्या तोंडावरची डाव्या हाताची मूठ किती सैल, किती घट्ट आहे, हे सगळे त्यात इतके यथातथ्य आहे, की एखाद्या चांभाराने चित्रावरून तशी मसक शिवून द्यावी. खराट्याच्या काड्या जिथे बांधल्या आहेत तिथे सुतळीचे तीन वेढे आहेत. मी ते मोजले. भोयांच्या खांद्यांवर कापडाच्या घड्या आहेत आणि चौघांपैकी मागच्या एकाची घडी सरकलेली आहे. मात्र हेच भिंग जरा वर सरकवून माणसांच्या तोंडाकडे न्यावे, तर भिस्त्याचा चेहरा म्हणजे तीन रेघा, झाडणाऱ्या बाईचा चेहरा म्हणजे पदराखालची सावली, आणि भोयांना तर चौघांत मिळून एकच चेहरा आलेला. पालखीतील गृहस्थ पडद्याआड अर्धा झाकलेला असूनही त्याला मात्र नाक, मिशा आणि किंचित कंटाळलेली दृष्टी हे सारे वैभव प्राप्त झाले आहे.

आणखी एक गोष्ट मला कितीतरी दिवस सतावीत होती. या रस्त्यावरचे झाडून सारे लोक डावखुरे होते. भिस्ती डाव्या हाताने मसकेचे तोंड आवळीत होता, बाई डाव्या हाताने झाडीत होती, आणि घराच्या ओट्यावर बसलेला हलवाईदेखील डाव्या हाताने झारा फिरवीत होता. उलगडा झाला तेव्हा माझेच मला हसू आले. ठशावर जे कोरावे ते कागदावर उलटे उतरते. म्हणून जाणता कारागीर मूळ रेखाटन आधी आरशात पाहिल्याप्रमाणे फिरवून घेतो, आणि घाईत असलेला कारागीर ते तसेच्या तसे लाकडावर गिरवून मोकळा होतो. माझ्या चित्राचा कर्ता घाईत होता. या घाईचा उपसर्ग त्या कारकुनालाही पोहोचला. मोगल अमदानीपासून हिंदूने जाम्याचे बंद डाव्या काखेकडे बांधावे आणि मुसलमानाने उजव्या, असा शिरस्ता होता. हा बिचारा आपल्या घरून ज्या धर्माचा म्हणून निघाला असेल, त्याच्या नेमक्या उलट धर्माचा होऊन साप्ताहिकात पोहोचला. हल्ली पोशाखावरून माणूस ओळखण्याची विद्या आपल्याकडे पुष्कळच फोफावली आहे. तिच्या उपासकांना हे चित्र एकदा दाखवावे असे मला वाटते.

तिसरी गोष्ट सर्वांत बारीक. चित्रातून वरपासून खालपर्यंत, केसाइतकी पातळ, एक पांढरी रेघ जाते. ती झाडणाऱ्या बाईच्या खराट्याच्या टोकाला चाटून उतरते, आणि प्रथमदर्शनी ती घडीचीच खूण वाटते; पण घडी मध्यावर आहे आणि ही रेघ तिच्या डावीकडे दोन बोटे. हा ठशाचा सांधा आहे. अशी चित्रे बॉक्सवुड नावाच्या अतिशय कठीण लाकडाच्या आडव्या कापावर कोरीत, आणि ते झाड जाडीला बेताचे असल्यामुळे मोठ्या चित्रासाठी अनेक लहान ठोकळे मळसूत्रांनी एकत्र आवळावे लागत. १८४२ साली लंडनमध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ निघाले आणि ताजी बातमी चित्रासह देण्याची चढाओढ सुरू झाली, तेव्हा या अडचणीचीच सोय झाली: मुख्य कारागिराने सांध्यांवरील रेघा आधी जुळवून घ्यायच्या, मग ठोकळे सुटे करून चार-सहा जणांत वाटून टाकायचे, त्यांनी रात्रभर दिव्याच्या उजेडात डोळे फोडून आपापला तुकडा कोरायचा आणि पहाटे सगळे पुन्हा आवळून छापखान्यात रवाना करायचे. एकाच्या वाट्याला आकाश येई, दुसऱ्याच्या वाट्याला देऊळ, तिसऱ्याच्या वाट्याला बाईचा हात. ज्यांनी हे कोरले त्यांची नावेही कुणी लिहून ठेवली नाहीत. म्हणजे हिंदुस्थानातील एका अनाम मजुराचे चित्र विलायतेतील दुसऱ्या अनाम मजुराने रोजावर कोरले, आणि दोघांमधील पालखीवाल्याला तेवढे नाक मिळाले.

रस्त्यावरच्या कामकऱ्यांची चित्रे काढण्याची परंपरा जुनी आहे, आणि आपल्याकडे तिचा मूळ पुरुष म्हणावा असा एक विलक्षण मनुष्य होऊन गेला. फ्रान्स्वा बाल्ताझार सोल्विन्स हा अँटवर्पचा चित्रकार १७९१ साली कलकत्त्यास आला, आणि तेथील जाती, धंदे, नोकरचाकर, पालख्या, होड्या, वाद्ये, सणवार यांची अडीचशे रंगीत कोरीव चित्रे त्याने स्वतःच्या हाताने तांब्याच्या पत्र्यावर तेजाबाने खोदली. हा संग्रह १७९९ साली पुरा झाला. त्याच वर्षी हेन्री कोलब्रुक हा संस्कृतचा गाढा व्यासंगी, कंपनी सरकारचा वकील या नात्याने, दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या दरबारी नागपुरास आला. शहराच्या महाल भागातील गल्ल्यांतून त्याची पालखी वाहणाऱ्यांचे मात्र सोल्विन्ससारखे चित्र कुणी काढले नाही. सोल्विन्सची रीत अशी, की कामकरी मनुष्य पुढे मोठा उभा करायचा आणि त्याच्या मागे त्याचेच काम चाललेले दाखवायचे. रंग मातकट, ठेवण ओबडधोबड, पण सजावटीची लालूच नाही. साहजिकच ती चित्रे खपली नाहीत. लंडनच्या एडवर्ड ऑर्म याने त्यांतील साठ चित्रे परवानगीवाचून उचलून, गोंडस करून, १८०४-०५ च्या सुमारास छापली, तीच लोकांना पसंत पडली. सोल्विन्सने पुढे पॅरिसमध्ये १८०८ ते १८१२ या काळात चार भव्य खंड काढले आणि त्यात तो पैशाने पार बुडाला. रस्त्यावरच्या माणसाला सुशोभित केल्याशिवाय तो दिवाणखान्यात घेतला जात नाही, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

हेन्री मेह्यू याने १८५१ साली लंडनच्या श्रमिकांवर जो ग्रंथ काढला, त्याची गोष्ट आणखी शिकवणारी आहे. त्याने झाडूवाल्यांना आणि कचरेवाल्यांना बोलते केले, त्यांची मिळकत, भाडे, रोजचे खाणे त्यांच्याच तोंडून लिहून घेतले. या बाबतीत तो सोल्विन्सच्या कितीतरी पुढे आहे. ग्रंथातील चित्रे रिचर्ड बिअर्ड याच्या डॅगेरोटाइप छायाचित्रांवरून कोरलेली आहेत. ते यंत्र हलत्या माणसाला टिपू शकत नसे. म्हणून माणसे चित्रशाळेत नेऊन स्थिर उभी करावी लागत, आणि त्यांच्या पाठीमागचा रस्ता नंतर कोरणारा आपल्या पदरचा घालीत असे. माणूस खरा, रस्ता कल्पनेतला.

आपल्याकडे काय झाले? पुण्याची चित्रशाळा १८७८ ची आणि रविवर्म्याचा छापखाना १८९४ चा. या दोहोंनी घराघरांत चित्र पोहोचवले हे निर्विवाद, पण त्यांत मान प्रामुख्याने देवदेवतांना आणि पुराणांतील नायिकांना मिळाला. मुंबईच्या रस्त्यावरची माणसे मराठी हाताने आणि आपुलकीने काढली ती महादेव विश्वनाथ धुरंधरांनी, पोस्टकार्डांवर. बाकी दप्तरांत पाहावे तर कामकऱ्याची नोंद कर घेण्यापुरती. भोसल्यांच्या अमदानीत शेती न करणाऱ्या रहिवाशांवर ‘पांढरी’ नावाचा कर असे: पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी, आणि इंग्रजांनी राज्य खालसा केल्यावरही तो काही काळ तसाच चालू ठेवला. रेसिडेंट जेंकिन्सचा १८२७ चा नागपूर मुलखावरील अहवाल घ्या, किंवा रसेल आणि हिरालाल यांचे मध्यप्रांतातील जातिजमातींवरचे १९१६ चे चार खंड घ्या, त्यांत परिश्रम अफाट आहेत, माहितीचा साठा अमूल्य आहे. परंतु माणूस तेथे येतो तो जात म्हणून, धंदा म्हणून, करदाता म्हणून. जात आणि काम ही जणू एकाच वस्तूची दोन नावे, हे त्या काळच्या प्रत्येक चित्राखाली गृहीत धरलेले असते. या समजुतीवर बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली असा घाव घातला, की त्यानंतर तरी कुणी ती निरागसपणे उच्चारू नये.

इतके सारे जुने उगाळण्याचे कारण असे, की नागपूर शहराने अलीकडे आपल्या रस्त्यावरील श्रमिकांचे एक नवेच चित्र तयार केले आहे. येथील म्युनिसिपालिटी १८६४ ची. अंबाझरी तलावाचे पाणी नळाने आले आणि भिस्ती, ज्याचे नावच बिहिश्त म्हणजे स्वर्ग या शब्दापासून निघाले आहे, रस्त्यावरून कायमचा उठला. खराटा उठला नाही. २०१८ च्या सुमारास महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटांवर जीपीएस घड्याळे बांधली. कोण आपल्या बीटवर आहे, किती वेळ आहे, कोण हद्दीबाहेर गेला, हे नियंत्रणकक्षातील पडद्यावर ठिपक्यांच्या रूपाने दिसू लागले. प्रशासनाची बाजू मी नाकारीत नाही. हजेरीपटावर नाव आणि रस्त्यावर माणूस नाही, हा जुना रोग होता, त्यात मुकादमांचे हितसंबंध होते, आणि कर भरणाऱ्या नागरिकाला हिशेब मागण्याचा अधिकार आहेच. पण हा हिशेब मनगटापासूनच का सुरू होतो, हा माझा प्रश्न आहे. कार्यालयात बसणारा अधिकारी कुठल्या घटकेला कुठल्या खुर्चीवर आहे, हे त्याच पडद्यावर दिसते काय?

त्याहून मोठा आक्षेप वेगळा आहे. माझ्या त्या उलट्या चित्रात हात तरी होता. खराट्याला सुतळीचे किती वेढे, हे पाहण्याइतका तो कोरणारा, घाईत असूनही, थांबला होता. ठिपक्याला हात नसतो. बाई चौकात आहे एवढेच ठिपका सांगतो; ती चौकात काय करते, कशाने करते, दांडा किती लांब हवा होता, उन्हाळ्यात नागपूरचा पारा पंचेचाळिसाच्या वर गेल्यावर ती सावलीसाठी चार पावले बाजूला झाली म्हणून हद्दीबाहेर ठरली की काय, यांतले काहीही त्याला ठाऊक नसते. दोनएक शतकांत आपण मसकेकडून मनगटाकडे आलो, आणि ज्या प्रमाणात यंत्र बारीक होत गेले त्या प्रमाणात दृष्टी जाड होत गेली. हजेरी आणि काम या दोन भिन्न वस्तू आहेत. कोरणाऱ्याने काम पाहिले, हजेरी घेतली नाही. आपण हजेरी घेतो आणि काम पाहत नाही. चेहरा दोघांनीही सोडून दिला.

याच महानगरपालिकेच्या दप्तरी ‘ऐवजदार’ असा एक शब्द आहे, आणि तो मला नेहमी अस्वस्थ करतो. ऐवज म्हणजे मोबदला. ऐवजदार म्हणजे कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या जागी उभा राहणारा. शब्द फारसी अमदानीतून आलेला, रुबाबदार, जणू काही मनसबदाराचा भाऊबंद; आणि त्याच्या पोटात अर्थ असा, की पंधरा-वीस वर्षे रोज पहाटे रस्ता झाडणारा मनुष्य त्या सबंध काळात दुसऱ्या कुणाच्या तरी जागी उभा आहे. ज्याला स्वतःची जागा नाही, त्याचे नाव कुठे लिहायचे? गटारात गुदमरून मेला म्हणजे मात्र लिहिले जाते. मैलासफाईवर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली त्याहून कडक असा नवा कायदा आला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली. तेव्हा आजमितीला सफाई कामगाराचे नाव, वय आणि वारस यांची सर्वांत काळजीपूर्वक नोंद पंचनाम्यात होते.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे, आणि ती हास्यास्पद वाटली तरी मी ती मांडणार आहे. नागपुरात चौकाचौकांत फलक आहेत. सुशोभीकरण कुणाच्या निधीतून झाले, बाकडे कुणाच्या सौजन्याने बसले, वाढदिवस कुणाचा आहे, हे सारे त्यांवर मोठ्या अक्षरांत वाचायला मिळते. त्याच चौकात, एका हातभर पाटीवर, हा रस्ता रोज कोण झाडते हे का लिहू नये? संबंधित व्यक्तीची संमती घेऊन. तिला नको असेल तर नको, कारण आपल्या समाजात या कामाचे नाव लागले की मुलांची लग्ने अडतात हे मला ठाऊक आहे. दुसरे असे, की आपल्या अजब बंगल्यात, त्या १८६३ पासूनच्या संग्रहालयात, तलवारी आणि ढाली पाहायला शाळेची मुले रांगेने येतात. तेथे एका काचेच्या कपाटात मसक, पखाल, पालखीच्या भोयाची खांद्यावरची घडी आणि नागपुरी खराटा, वापरणाऱ्याच्या नावासह, ठेवलेला मला पाहावयाचा आहे. सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर गाडगेबाबांची तसबीर असते आणि तीत हातातला खराटा असतोच; पण बाबांच्या हाती तो पूजनीय झाला आणि तसबिरीखालची फरशी पुसणारीच्या हाती पुन्हा होता तसाच झाला, हे कोडे या विदर्भाला, जेथे बाबा जन्मले आणि १९५६ साली निवर्तले, अजून सुटलेले नाही.

मागच्या आठवड्यात मी ते पान एका पिशवीत घालून पहाटे बाहेर पडलो. आमच्या गल्लीत जी बाई झाडायला येते, तिचे नाव मी इतक्या वर्षांत विचारलेले नव्हते, हे येथे कबूल करतो. त्या दिवशी विचारले, तिने ते सांगितले, आणि छापू नका असेही सांगितले. मी तिला चित्र दाखवले. ते शंभराहून अधिक वर्षांचे आहे, विलायतेतले आहे, असे काही मी सांगू लागलो, तोवर तिचे बोट नेमके त्या स्त्रीवर जाऊन टेकले होते.

“काकाजी, हे बाई डावखुरी होती काय जी?”

ज्या गोष्टीला मला भिंग आणि पंधरा दिवस लागले होते, ती तिने उभ्या उभ्या, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात पाहिली. मी ठशाचा उलटसुलट प्रकार समजावून सांगितला. तिने मान हलवली, पण तिचे समाधान झालेले दिसले नाही.

“अन् तेव्हाबी दांडा नाही दिला तिले,” ती म्हणाली. मग पान जरा दूर धरून, “पन हे झाडत नोती काकाजी. वाऱ्याच्या तोंडावर कोन झाडते? सारा कचरा आपल्याच डोयात येते.”

कुठला वारा, असे मी विचारले. तिने देवळावरचा ध्वज दाखवला. ध्वज उजवीकडून डावीकडे फडकत होता, बाई डावीकडून उजवीकडे झाडीत होती. आणि चित्र आरशात फिरवून पाहिले तरी दोन्ही एकदमच फिरतात, वारा तोंडावरचा तोंडावरच राहतो. घड्याळाकडे पाहून ती पुढच्या घरासमोर गेली. मी घरी येऊन भिंग काढले. बाई पांढऱ्या रेघेच्या अलीकडे आहे. ध्वज पलीकडच्या ठोकळ्यावर, दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला आलेला.